दोन घटका

उचगावच्या शेडमध्ये तिसऱ्या रांगेचा पाइप
मी आडवा कापला आणि आतून बोट फिरवलं.
बुळबुळीत. वास
होस्टेलच्या खाटेखाली महिन्यानं सापडलेल्या बटाट्याचा.
(आमच्या घरात बटाटा येत नाही.)
कोकोपीटच्या पिशव्यांवर बुरशी,
तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरावी तशी.
लेट्यूसच्या मुळ्या चहाच्या चोथ्यासारख्या.
ताराबाई पार्कातल्या हॉटेलवाल्याचा फोन
मी दोनदा वाजू दिला.

याला जैवपटल म्हणतात.
एमेस्सीला आकृती काढली होती, पाच पायऱ्यांची,
वेगवेगळ्या स्केचपेननी.
एक जीव येतो, चिकटतो, भोवती डिंक सोडतो.
मग शेजार येतो. गल्ली होते. पेठ होते,
पाण्याच्या वाटा राखून बांधलेली,
आमच्या शुक्रवार पेठेपेक्षा नीट आखलेली.
आकृतीला मार्क पडले.
वास प्रश्नपत्रिकेत नव्हता.

बाबालाल मुजावर, ज्यानं हे पाइप जोडले, म्हणाला,
"ताई, टाका की औषध. जळू दे सगळं."
हायड्रोजन पेरॉक्साइडचा कॅन, निळ्या झाकणाचा.
हातमोजे घातले, मापलं, टाकीत ओतलं.
पाइपांच्या तोंडाशी फेस आला,
उतू जाणाऱ्या दुधाचा आवाज
पण थंड.

अप्पा तेवढ्यात डबा घेऊन आले.
दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस,
म्हणून साडेपाचचा डबा, दोघांचा.
फेसाकडे बघत उभे राहिले.
"किती असतील गं? बटाट्यात असत्यात तेवढं?"
"जास्त," मी म्हणाले,
आणि वाटलं, थोडं कमी सांगायला हवं होतं.

अप्पांनी आयुष्यभर पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं.
फडक्यात राहिलेलं, न दिसणारं,
आडाचं ते आडालाच परत सोडलं,
कडेनं, हळू, आपटणार नाही असं.
आड बुजवला तेव्हा दोन दिवस बोलले नव्हते.
आता नळाला फडकं बांधतात.
त्यातलं कुठं सोडायचं
हे महापालिकेनं कळवलेलं नाही.

काहीतरी म्हणतील म्हणून मी वाट बघत होते.
ते एक पिशवी दाबून बघत होते.
बोटांमधून पाणी आलं.
"हे कधी वाळतंच न्हाई का?"
दर वीस मिनिटांनी पंप, मी म्हणाले. दिवसरात्र.
"ओलं दोन घटकांवर ठेवू ने. ओल्यात जीव धरतो.
फडकं वाळत घालायची आमास्नी काय हौस हुती?
धरू द्यायचं आन् मग मारायचं,
त्यापरास धरूच दिऊ ने."
मग डबा उघडला. वांग्याचं भरीत न्हवं, दोडका.

त्या रात्री टायमर उघडून बसले.
रात्रीचा पंप बंद.
दिवसाही, मुठीत दाबलेल्या कोकोपीटमधून
थेंब पडायचा थांबेपर्यंत थांबायचं.
टाकीवर काळा कागद, रिकाम्या भोकांना बुचं,
कारण उजेड शिरला की शेवाळ,
शेवाळ मेलं की त्यावर बुरशीची पंगत.
बाबालालनं टाकीभोवती ओलं पोतं गुंडाळलं,
मी "ओलं?" म्हणाले, तो हसला,
"भाईर हाय ताई, आत न्हाई."
पाइप घासले बाटलीच्या ब्रशनं, तारेच्या नाही:
ओरखडा म्हणजे त्यांना आयता पाया.
शिरोलीच्या फौंड्रीतून मोडीत काढलेला पंखा
पिशव्यांवर फिरवला. ढणाढण वाजतो.

हे सगळं पुस्तकात होतं.
मी वाचलंही होतं, अधोरेखित केलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात नव्या मुळ्या आल्या, पांढऱ्या.
जैवपटल गेलं असं मी म्हणणार नाही.
सांध्यात बोट घातलं की कळतं,
कधी एवढंसं, कधी नसल्यासारखं.
महिन्यातून एकदा कॅन अजून उघडावा लागतो.
त्या दिवशी फोन करते, अप्पा, डबा आणू नका,
मीच येते.
का ते विचारत नाहीत.

उजव्या हातमोज्याला बारीक भोक आहे.
ताटावर माझ्या बोटांची टोकं पांढरी दिसतात, पिठात बुडवल्यासारखी.
ते बघतात.
बाहेर बघतात, दिवस किती उरलाय.
भाकरी वाढतात.